चाळिशी लागली, माशी दिसेना : चष्मेवाल्यांनी बंदुकीला कोणती साईट लावावी?

दुसरबीड (ता. सिंदखेडराजा) : हरभरा घाट्यावर आला की रोह्यांचे कळप वावरात उतरतात. मक्याला कणसं धरली की रानडुकरं धुऱ्यावरून आत शिरतात आणि एका रात्रीत अर्धा एकर झोपवून जातात. त्यामुळं जागल काही चुकत नाही. ज्यांच्याकडं पीक संरक्षणाचा परवाना आहे, ते बंदूक घेऊन वावरात जातात. पण या परवानाधारकांची वयं बघा. बरेच जण पन्नाशी-साठीतले. परवाना काढला तेव्हा नजर गरुडाची होती, आज खिशात दोन-दोन चष्मे आहेत.

त्यांची तक्रार एकच असते. "लांबचं निशाण दिसतं, पण बंदुकीची माशी दिसत नाही. जवळचा चष्मा घातला की माशी दिसते, तर निशाण गायब." बँकेत नाहीतर एटीएमच्या गाडीवर सुरक्षारक्षक म्हणून लागलेले आपल्या भागातले माजी सैनिकही हेच सांगतात. मग कुणी बंदूक बदलायचं म्हणतो, कुणी मोबाईलवर बघून महागडी दुर्बीण मागवायच्या बेतात असतो. खरं तर दोष बंदुकीत नसतो. वयानं डोळ्यात काय बदल झाला हे आधी समजून घेतलं, तर कमी पैशात काम होतं. आणि कोणत्या वेळी बंदूक उचलायचीच नाही, हेही कळतं.

डोळ्यात नेमकं काय होतं?

आपल्या डोळ्यात एक भिंग असतं. तरुणपणी ते मऊ असतं. जवळचं बघायचं असलं की ते फुगतं, लांबचं बघायचं असलं की सैल होतं. वय वाढतं तसं हे भिंग कडक होत जातं आणि फुगायचं थांबतं. यालाच आपण चाळिशी लागली म्हणतो. विशीतल्या पोराला डोळ्यापासून चार बोटं-वीतभर अंतरावरचंही स्वच्छ दिसतं. चाळिशीत साधारण एक वीत अंतर लागतं. पन्नाशीत हातभर लांब धरावं लागतं. साठीत मीटरभर अंतराच्या अलीकडचं सगळं धूसर. फवारणीच्या औषधाच्या बाटलीवरचं प्रमाण वाचताना आपण हात लांब-लांब नेतो, ते याचमुळं.

आता बंदूक खांद्याला लावा. डोळ्याला एकाच वेळी तीन गोष्टी बघायच्या असतात. पाठीमागची खाच, जी डोळ्यापासून हातभरही लांब नसते. पुढची माशी, जी पाऊण ते एक मीटरवर असते. आणि निशाण, जे पन्नास पावलांवर असतं. तिन्ही एकदम स्वच्छ कुणालाच दिसत नाहीत, जवान पोरालाही नाही. फक्त त्याची नजर इतक्या चपळाईनं मागं-पुढं जाते की त्याला सगळं दिसल्यासारखं वाटतं. चाळिशीनंतर ती चपळाई जाते.

मग तिन्हीतलं कोणतं स्वच्छ दिसलं पाहिजे? पुढची माशी. निशाण थोडं धूसर चालतं, खाच धूसर चालते, माशी धूसर चालत नाही. याचा हिशोब सोपा आहे. खाच आणि माशी यांच्यात अर्धा मीटर अंतर धरा. माशी एक मिलीमीटर जरी बाजूला राहिली, तर ५० मीटरवर गोळी १० सेंटिमीटर बाजूला जाते आणि १०० मीटरवर २० सेंटिमीटर. धूसर माशीत एक मिलीमीटरची चूक सहज लपते.

घरचा चष्मा इथं का चालत नाही?

आपल्याकडं चष्मे चार प्रकारचे दिसतात. फक्त लांबचा, फक्त वाचायचा, खाली रेघ असलेला बायफोकल आणि रेघ नसलेला प्रोग्रेसिव्ह.

वाचायचा चष्मा वीत-दीड वीत अंतरासाठी असतो. तो घालून माशी नीट दिसत नाही आणि पुढचं सगळं धुक्यात जातं. बायफोकलमध्ये जवळचा भाग खाली असतो, पण दस्त्याला गाल टेकवला की डोळा काचेच्या वरच्या, नाकाकडच्या कोपऱ्यातून बघतो. तिथं माशीच्या कामाचा नंबर नसतोच. प्रोग्रेसिव्हमध्ये तर वरून खाली नंबर हळूहळू बदलत जातो. मान जरा हलली की माशी कधी स्वच्छ, कधी धूसर. नेम धरताना हा खेळ परवडत नाही.

उपाय म्हणजे बंदुकीसाठी एकच नंबर असलेला वेगळा साधा चष्मा. त्याचा नंबर कसा काढायचा, ते लक्षात ठेवा. माशी एक मीटरवर आणि निशाण फार लांब असेल, तर दोन्हीच्या मधला तोडगा म्हणजे लांबच्या नंबरात +०.५० मिळवायचे. यानं नजर दोन मीटरवर बसते. माशी पुरेशी स्वच्छ येते आणि निशाणही फार बिघडत नाही. तुमचा लांबचा नंबर शून्य असेल तर +०.५० लागेल. लांबचा −१.०० असेल तर −०.५० होईल. लांबचा +१.०० असेल तर +१.५० होईल. नळी आखूड असून माशी जवळ असेल, तर +०.७५ पर्यंत जावं लागतं. सिलिंडरचा नंबर असेल तर तो आहे तसाच ठेवायचा. बदल फक्त नेम धरणाऱ्या डोळ्याच्या काचेत. दुसऱ्या डोळ्याला लांबचाच नंबर राहू द्यायचा.

चष्म्याच्या दुकानात बंदूक न्यायची नाही. घरी बंदूक रिकामी आहे याची दोनदा खात्री करा. मग गाल टेकवून बसा आणि डोळ्यापासून माशीपर्यंत सुतळी धरून कुणाकडून तरी माप घ्या. ती सुतळी खिशात घालून दुकानात जा. "एवढ्या अंतरावरची बारीक वस्तू मला स्वच्छ दिसली पाहिजे," एवढं सांगितलं की तपासणारा ट्रायल फ्रेममध्ये काचा घालून दाखवतो. दोन गोष्टी आणखी सांगा. काच मोठी हवी, आणि काचेचा मध्यबिंदू थोडा वर आणि नाकाकडं हवा, कारण नेम धरताना नजर तिथूनच जाते. काच पॉलिकार्बोनेटची घेतली तर फुटून डोळ्यात जायची भीती कमी. ठासणीची किंवा जुनी बंदूक असेल तर बारुदाचा कण उडतोच, म्हणून चष्म्याशिवाय बार काढायचाच नाही.

हा चष्मा फक्त या कामापुरता. तो घालून लांबचं किंचित धूसर दिसतं, म्हणून रात्री मोटारसायकल चालवायला वापरू नका.

खाच आणि माशी : जुनी, पण अवघड

सरकारी ऑर्डनन्स फॅक्टरीची .३१५ रायफल ज्यांच्याकडं आहे, त्यांच्याकडं बहुधा हीच साईट असते. फायदा असा की मोडायला काही नाही, बॅटरी लागत नाही, पावसात भिजली तरी चालते. तोटा असा की वय झालेल्या डोळ्याला हीच सगळ्यात अवघड. तरी ही ठेवायची असेल तर तीन गोष्टी करता येतात. वर सांगितलेला चष्मा करा. माशीवर पांढरा किंवा चमकदार रंगाचा बारीक ठिपका लावा. आणि परवानाधारक कारागिराकडून पाठीमागची खाच थोडी पुढं सरकवून मिळते का, ते विचारा. खाच डोळ्यापासून जितकी लांब, तितकी स्वच्छ दिसते. पण खाच आणि माशीतलं अंतर कमी झालं की वर सांगितलेली मिलीमीटरची चूक जास्त महागात पडते, म्हणून फार पुढं नको.

बारा बोअरच्या छर्‍याच्या बंदुकीला पाठीमागची खाचच नसते, फक्त माशी असते. तिथं माशी ठळक करणं आणि गाल दर वेळी दस्त्यावर एकाच जागी टेकवणं, एवढंच हातात असतं.

भोकाची साईट : चष्मेवाल्यांची खरी मैत्रीण

एक प्रयोग घरीच करा. जाड कागदाला दाभणाच्या टोकानं बारीक भोक पाडा. चष्मा काढा, उन्हात उभे राहा आणि त्या भोकातून पेपरातली बारीक अक्षरं बघा. चष्म्याशिवाय न दिसणारी अक्षरं दिसायला लागतील. भोक आजूबाजूचे तिरपे किरण अडवतं आणि सरळ येणारे तेवढेच आत सोडतं. त्यामुळं जवळचं आणि लांबचं दोन्ही एकदम स्वच्छ होतं.

पीप साईट म्हणजे हेच. पाठीमागं खाचेऐवजी डोळ्याजवळ एक गोल भोक असतं. भोकाकडं बघायचंच नसतं, त्यातून बघायचं. डोळा आपोआप मध्य शोधतो. म्हणजे तीन गोष्टींपैकी एक कमी झाली आणि उरलेल्या दोन जास्त स्वच्छ झाल्या.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यात कांबळवाडी नावाचं गाव आहे. तिथल्या स्वप्नील कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं. त्या प्रकारात निशाणाच्या मधलं दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलीमीटरचं असतं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं, आणि तेही ५० मीटरवर. तिथं दुर्बीण चालत नाही. सगळे नेमबाज भोकाच्या साईटवरच नेम धरतात. यावरून या साध्या साईटची ताकद लक्षात यावी.

तोटा एकच, पण मोठा. भोक बारीक असल्यानं उजेड कमी येतो. भर उन्हात उत्तम, संध्याकाळी जेमतेम, रात्री निरुपयोगी. भोक बदलता येणारी साईट मिळाली तर संध्याकाळसाठी मोठं भोक लावता येतं. ज्यांना बंदुकीला हातच लावायचा नाही, त्यांच्यासाठी स्वस्तातला मार्ग असा : काळ्या चिकटपट्टीला दीड-दोन मिलीमीटरचं स्वच्छ भोक पाडून ती चष्म्याच्या काचेवर नेमक्या जागी चिकटवायची. दिवसा याचा उपयोग होतो.

लाल ठिपक्याची साईट

रेड डॉट साईटमध्ये एका छोट्या काचेत लाल ठिपका दिसतो. ठिपका काचेत असला तरी डोळ्याला तो निशाणाइतक्याच लांब असल्यासारखा भासतो. म्हणून खाच नको, माशी नको, वेगळा नंबर नको. लांबचा चष्मा घालून सरळ निशाणाकडं बघायचं. चाळिशीवाल्यांना हे सगळ्यात सोपं पडतं, आणि दोन्ही डोळे उघडे ठेवता येतात.

पण ज्यांना सिलिंडरचा नंबर आहे, त्यांना ठिपका गोल न दिसता फाटलेला, धूमकेतूसारखा दिसतो. अनेकांना साईटच खराब आहे असं वाटतं. विकत घेण्याआधी दुकानातच खात्री करा. मोबाईलच्या कॅमेऱ्यातून ठिपका बघा. कॅमेऱ्यात गोल आणि डोळ्याला फाटका दिसला तर साईट चांगली आहे, डोळ्याला सिलिंडरची काच लागते. ठिपक्याचा उजेड कमी केला तरीही फरक पडतो. याशिवाय बॅटरीचं लफडं आहेच. संपली की हातात काही उरत नाही, म्हणून मूळची माशी काढून टाकू नका.

दुर्बीण : मोठी म्हणजे चांगली नव्हे

दुर्बिणीत निशाण आणि त्यावरची फुली एकाच पातळीवर दिसतात. डोळ्याला एकाच ठिकाणी बघायचं असतं. म्हणून वय झालेल्यांना ही आवडते. पण निवडताना चार गोष्टी बघा.

पहिली, ताकद. वावरात अंतर पन्नास-साठ पावलांचं. तिथं दहापट मोठं दाखवणारी दुर्बीण घेतली तर नुसतं तुरीचं झाड दिसेल आणि हाताचा कंप दहापट दिसेल. चारपट पुष्कळ झाली.

दुसरी, उजेड. पुढच्या काचेच्या मिलीमीटरला ताकदीनं भागा. ४ × ३२ लिहिलेल्या दुर्बिणीतून ३२ भागिले ४, म्हणजे ८ मिलीमीटरचा उजेडाचा झोत डोळ्यात येतो. १० × ४० मधून फक्त ४ चा. संध्याकाळी पहिलीच बरी.

तिसरी, डोळ्यापासूनचं अंतर. तीन-चार इंच मोकळी जागा मिळाली पाहिजे. .३१५ चा धक्का बसला की दुर्बीण मागं येते. अंतर कमी असेल तर चष्म्यावर आदळते आणि भुवई फुटते.

चौथी, फुलीची जुळणी. तुमचा लांबचा चष्मा घाला, दुर्बीण मोकळ्या आभाळाकडं धरा आणि मागची कडी फिरवा. एका नजरेत फुली काळीभोर दिसली की थांबा. एकटक बघत बसलात तर डोळा स्वतःच जुळवून घेतो आणि जुळणी चुकते. सूर्याकडं मात्र चुकूनही धरू नका.

रात्रीचा प्रश्न साईटनं सुटत नाही

ज्याला चांगली साईट मिळते, त्याला रात्रीही मारता येईल असं वाटायला लागतं, आणि खरा धोका तिथंच आहे. अंधारात विशीतल्या माणसाची बाहुली साधारण ७ मिलीमीटर उघडते, साठीत ५ च्या आसपास. हिशोब केला तर डोळ्यात जाणारा उजेड जवळपास निम्मा होतो. त्यात मोतीबिंदूची सुरुवात असेल तर बॅटरीच्या किंवा गाडीच्या उजेडाभोवती कडं दिसतं आणि पलीकडचं काहीच दिसत नाही.

रानडुक्कर समजून माणसाला गोळी लागल्याच्या बातम्या आपल्या राज्यात येत असतात. वावरात रात्री कोण-कोण असतं ते आठवा. शेजारचा जागलीवाला, मोटर चालू करायला आलेला गडी, पहाटे बाहेर पडलेली बाई. बंदुकीचं तोंड कुठं आहे एवढंच साईट दाखवते. समोर कोण आहे हे तुमच्याच डोळ्यांना ओळखावं लागतं. म्हणून आवाजावर, हलणाऱ्या सावलीवर, चमकणाऱ्या डोळ्यांवर बार काढायचा नाही. आधी बॅटरी, मग हाक, मग खात्री. आणि दुर्बीण बंदुकीवर असताना "कोण आहे ते बघतो" म्हणून ती माणसाकडं रोखायची नाही, कारण दुर्बिणीबरोबर नळीही रोखली जाते.

पहिला खर्च डोळ्यांवर

साईटच्या आधी तपासणी. एक डोळा झाकून लांबची पाटी वाचा, मग दुसरा. नेम धरणारा डोळा कमजोर निघाला तर चष्मेवाल्याच्या आधी डॉक्टर गाठा. शुगर असणाऱ्यांचा नंबर साखरेच्या चढउतारानं बदलतो, म्हणून साखर आटोक्यात आल्यावरच चष्म्याचा नंबर काढावा. मोतीबिंदूसाठी राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे. सरकारी रुग्णालयात शस्त्रक्रिया मोफत होते. आपल्या भागातले बरेच जण जालन्याच्या श्री गणपती नेत्रालयात जातात.

मोतीबिंदू काढून साधं भिंग बसवलं की लांबचं छान दिसतं, पण ते भिंग फुगत नाही. त्यामुळं अशा माणसाला माशीसाठी जादा नंबर लागणारच, नाहीतर लाल ठिपका किंवा दुर्बीण. एका डोळ्याला मोतीबिंदू असेल तर मेंदू दुसऱ्या डोळ्यावर भरवसा ठेवायला लागतो आणि नेम आपोआप सरकतो. तपासायला दोन्ही हातांनी छोटी खिडकी करा, दोन्ही डोळ्यांनी तिच्यातून लांबचा खांब बघा आणि आळीपाळीनं एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला खांब खिडकीतच दिसतो, तो तुमचा मुख्य डोळा.

कायद्याचं थोडक्यात

पीक संरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. रोही आणि रानडुकरांबाबत राज्य शासनाचा २०१५ चा निर्णय असला, तरी वन विभागाची परवानगी घ्यावीच लागते. नुकसान झालं तर भरपाईसाठी वन विभागाकडं लगेच अर्ज करा.

शस्त्राची दुरुस्ती किंवा फेरबदल परवानाधारक दुकानदाराकडूनच करून घ्यायचा. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून नळीला भोक पाडून दुर्बीण बसवणं गुन्हाही आहे आणि नळी फुटून जीवावर बेतणारंही. रेड डॉट किंवा दुर्बीण घेण्याआधी शस्त्र परवाना शाखेत लेखी विचारा. आणि मोबाईलवरून परस्पर काही मागवू नका.

नजर साथ देत नसेल तर बंदूक पोराच्या हातात देऊन जागलीला पाठवू नका. परवाना ज्याच्या नावाचा, बंदूक त्याच्याच हातात. त्यासाठी सरळ रस्ता आहे. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवानाधारकाचं वय ७० झालं किंवा शस्त्र २५ वर्षं जवळ असलं, तर वारसाच्या नावे करण्यासाठी अर्ज करता येतो.

कुणी काय घ्यावं?

दिवसाच वापर असेल आणि खर्च नको असेल : +०.५० चा वेगळा चष्मा आणि ठळक माशी. दिवसा बारीक नेम हवा असेल किंवा पोरांबरोबर एअर रायफलचा सराव करायचा असेल : भोकाची साईट. संध्याकाळचा वापर आणि सिलिंडर नसेल : लाल ठिपका. मोतीबिंदू काढलेला असेल : लाल ठिपका किंवा चारपट दुर्बीण. बॅटरीच्या उजेडात चाळीस पावलांवरचं जनावर की माणूस हे चष्म्यासकट ओळखता येत नसेल : कोणतीच साईट नको. झटका मशीनचं कुंपण, डबे, फटाके आणि शेजाऱ्यासोबत जागल.

उत्तर प्रदेशातल्या जोहरी गावच्या चंद्रो तोमर यांनी पासष्टीच्या आसपास पहिल्यांदा पिस्तूल हातात घेतलं आणि पुढं कितीतरी पदकं मिळवली. वय आडवं येत नाही हे खरंच आहे. पण त्यांच्या समोर कागदाचं निशाण होतं, तेही उजेडात. आपल्या वावरात समोर काय आहे, हे आधी ओळखावं लागतं.